काचेचा डावा कोपरा

१

शनिवारी सकाळी इरोमी सालगादो कोऱ्या चहाचा कप घेऊन पोर्चमध्ये आली, तेव्हा आधी तिला वाटलं, गाडीच्या पुढच्या आसनांवर कोणीतरी खडीसाखर सांडून ठेवली आहे.

मग तिने मान वर केली. मॉरिस मायनरची पुढची काच जागेवर नव्हती. नव्या रबराच्या चौकटीत कडेने काही तुकडे तेवढे अडकून राहिले होते, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या शेवटच्या दातांसारखे. बाकीची काच दाण्यादाण्यांनी लाल कातड्याच्या आसनांवर आणि गालिच्यावर पसरली होती, आणि फाटकातून येणारं ऊन तिच्यावर मजेत चमकत होतं.

तिने वडिलांना हाक मारली. मर्विन सालगादो वर्तमानपत्र हातात घेऊनच आले. कोलंबोच्या बंदरात उपकरणं दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. आवाज कधी चढवला नव्हता, आताही चढवला नाही. गाडीला वळसा घालून ते डाव्या बाजूला गेले आणि तिथेच उभे राहून वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. लहान, मग आणखी लहान.

"दगड असेल कोणाचा तरी," ते शेवटी म्हणाले.

गाडी अम्माची होती. अम्मा गेल्यापासून पोर्चमध्ये कापडाखाली झाकून पडलेली. गेलं वर्षभर ती पुन्हा माणसांत आणायचं काम चाललं होतं. उंदरांनी पोखरलेली आसनं उसवून आत नवा काथ्या भरला होता, छताचं अस्तर शिवलं होतं, खिडक्यांच्या काचा ज्या खाचांतून वरखाली होतात तिथलं कुजकं लोकरी फेल्ट बदललं होतं, आणि काचांवरचे ओरखडे गुलाबी पूड लावून, घासून घासून घालवले होते. पुढची काचही काढून, घासून, काल शुक्रवारीच नव्या रबरात बसवली होती. गाडीबरोबर जन्मलेली काच ती. तशी दुसरी सगळ्या बेटावर शोधून मिळाली नसती. आणि उद्या, रविवारी, मोरटुवाच्या मायनर मंडळाच्या मेळाव्यात गाडी पहिल्यांदा घराबाहेर पडणार होती.

इरोमी विद्यापीठात काच, धातू आणि प्लास्टिक कशी मोडतात हे मुलांना शिकवायची. तिने हातमोजे घातले आणि आसनांवरचा एकेक मूठ चुरा पिठाच्या चाळणीतून चाळला. दगड नव्हता. गाडीची दारं बंद होती. फाटकाला कुलूप होतं.

"तात्ता, बाहेरून काही लागलेलं नाही," ती म्हणाली. "काल ज्यांनी गाडीला हात लावला, त्यांच्यातच बघायला हवं."

मर्विननी वर्तमानपत्राची ती इवलीशी घडी खिशात घातली.

२

काल तीन पाहुणे गाडीजवळ येऊन गेले होते.

पहिला, पियदास बास, म्हणजे पियदास मिस्त्री. गाडीची आतली सगळी शिवण त्याची. निरोप मिळताच आला, आसनांसमोर उकिडवा बसला आणि चिमट्याने शिवणीतला एकेक काचेचा कण उपटू लागला.

"मिस, मी कातड्याचा माणूस. काच फुटली की माझ्याच आसनात घुसते. मी कशाला फोडीन?"

"फोडलीस असं कोण म्हणतंय? काय झालं असेल, ते विचारतेय."

"दृष्ट लागली. दुसरं काय? काल तो मेंडिस महत्तया, मंडळाचा साहेब, येऊन 'काय काच आहे, काय काच आहे' करत गाडीभोवती फिरला. मी म्हटलं, चाकांखाली लिंबं ठेवा. तुमचे वडील हसले. म्हणाले, 'पियदास, लिंबं सरबतात घाल.'"

इरोमीलाही हसू आलं. तात्तांचं हे सगळ्या गावाला पाठ होतं. दृष्ट, मुहूर्त, गंडेदोरे यांवर ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचे आणि छापून आलेली कात्रणं मेळाव्यात वाचून दाखवायचे.

"काच घासताना कुठे टवका दिसला होता?"

"एक नाही. रबर निघालं तेव्हा डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, थोडी घाण होती. काळी, तेलकट. स्पिरिटने पुसली, काच आरशासारखी केली. आपले महत्तया, तुमचे वडील, शेजारीच उभे होते, विचारा त्यांना."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. आत निघून गेले. मी म्हटलं, माझं काम आवडलं नाही वाटतं." त्याने चहात साखर ढवळली आणि चमचा तिच्यासमोर धरला. "यावर पण नाव कोरलंय, मिस. मी काय चमचा पळवणार होतो?"

"वर्कशॉपची सवय आहे रे त्यांची. किल्ल्या, पाने, कुलपं, काही सुटलेलं नाही."

दुसरा, ट्रेव्हर मेंडिस. मंडळाचा अध्यक्ष, त्याची निळी मायनर दर वर्षी पहिली यायची. इरोमी त्याच्या घरी गेली तेव्हा तो चाकांच्या तबकड्या दातांच्या ब्रशने घासत होता.

"अगं, मला जिंकायचं असेल तर मी काच फोडीन? मी परीक्षकांना जेवायला घालीन. आणि तुझ्या बापाने मला गाडीला बोट तरी लावू दिलं का? दोन हात लांब उभा केला, देवळातल्या मूर्तीसमोर करतात तसा."

"पण तुम्ही कौतुक फार केलंत म्हणे."

"केलं. असली काच बेटावर नाही, पुन्हा म्हणतो. मर्विनचा चेहरा मात्र पडला. कौतुकाने चेहरा पडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

तिसरे, पानदुराचे फाझील नाना. पुलाच्या अलीकडे त्यांचं काचेचं दुकान. जुन्या गाड्यांच्या काचा बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्यांचं जवळजवळ सगळं काम मायनर मंडळाकडूनच यायचं.

"कशी बसवतो, विचारतेस? रबराच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून टेकवायची आणि आतून दोरी हळूहळू ओढायची. रबराचा ओठ आपणच काचेवर चढतो. दोरी, साबणाचं पाणी आणि सबुरी, झालं."

"लोखंडाचं काही वापरत नाही?"

"काचेपाशी लोखंड नेणारा तो काचवाला कसला?"

पण त्यांच्या बाकावर एक लोखंडी स्क्रू ड्रायव्हर पडला होता, आणि त्याच्या टोकाला काळ्या रबराचे कण चिकटले होते.

"मग हा?"

"जुनं रबर खरवडायला. काच बाहेर काढून ठेवल्यावर." फाझील नानांनी तिच्याकडे पाहिलं. "का गं, पोरी?"

"काही नाही," इरोमी म्हणाली, आणि निघताना तिला आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन तिने चौकटीत अडकलेले तुकडे नीट पाहिले. त्यांतल्या सगळ्या चिरा एकाच जागेकडे धावत होत्या. खालच्या डाव्या कोपऱ्याकडे.

३

रविवारी शाळेच्या मैदानावर मायनर गाड्या ओळीने उभ्या होत्या. सालगादोंची गाडीही आणली होती, काचेविना, मागून ओढून. लोक जवळ येत, लाल आसनं बघत आणि मयताला आल्यासारखं हळू बोलत.

इरोमीच्या हातात केकचा ट्रे होता. त्यात रबरासकट कापून काढलेला डावा कोपरा होता, चिकटपट्टीने जसाच्या तसा धरून ठेवलेला. ट्रेव्हर मेंडिसने टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"या काचेला बनवतानाच तापवून झटक्यात थंड केलेलं असतं," ती म्हणाली. "त्यामुळे तिची कातडी सतत आवळलेली राहते आणि पोटात ताण राहतो. वरवरच्या ओरखड्याने तिला काही होत नाही. पण घाव कातडी ओलांडून पोटाच्या जवळ गेला, की मग दगड लागत नाही. सकाळचं ऊन पुरतं. ती एकदम सुटते, सगळीच्या सगळी. घाव काल बसलेला असतो, काच आज फुटते."

मैदान शांत झालं होतं. तिला ती शांतता आवडली. वर्गात मुलं इतकी गप्प कधी बसत नसत.

"चिरा बघा, सगळ्या कोपऱ्याकडे जातात. घाव कडेला आहे, रबराखाली. कडेपाशी शुक्रवारी एकच माणूस काम करत होता, आणि त्यांच्या बाकावर रबर लागलेला स्क्रू ड्रायव्हर मी स्वतः पाहिला आहे."

सगळे वळले. फाझील नाना मागे उभे होते, हातात चहाचा कप आणि तळव्यावर गुळाचा खडा.

"रबर सोलून कड बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"गरज नाही. चिरा खोटं बोलत नाहीत."

"मी दोरी वापरतो, पोरी."

"नाना, तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. घाई झाली असेल. वय झालं की हात..."

वाक्य तिने अर्धंच सोडलं. पुरं करायची गरजही नव्हती. ट्रेव्हर मेंडिस घसा साफ करून म्हणाला, "फाझील, वाईट वाटतंय. पण मंडळातल्या कोणी यापुढे तुझ्याकडे काच दिली, तर ती आपल्या जबाबदारीवर."

फाझील नानांनी गुळाचा खडा न चाखलेल्या चहात टाकला, कप बाकावर ठेवला आणि ते फाटकाकडे चालू लागले. कोणी हाक मारली नाही. इरोमीने वडिलांकडे पाहिलं. मर्विन काच नसलेल्या गाडीत डाव्या आसनावर बसले होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता.

काचेचं दुःख, असं तिला वाटलं.

४

सोमवारी प्रयोगशाळेत तिने तो कोपरा फक्त विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी बाहेर काढला. पाठात कडेवरचा टवका दाखवायचा, तर रबर सोलायलाच हवं होतं. तिने पात्याने रबर कापलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कड सरकवली.

कड साबूत होती.

तिने कोपरा उलटा केला, पुन्हा पाहिला. एकही टवका नाही. चिरा कडेपाशी पोचतच नव्हत्या. त्या बोटभर अलीकडे, काचेच्या आतल्या बाजूला, रबराच्या ओठाने झाकलेल्या जागी येऊन मिळत होत्या.

मैदानातला प्रश्न तिला आठवला. रबर सोलून कड बघितलीस? तिने तोंडावर हात ठेवला. मुलं यायला अजून वेळ होता, तरी तिने दार लावून घेतलं.

मग तिने त्या जागेवर प्रकाश टाकला. घसरलेल्या हत्याराची रेघ असते. काच कापायचं चाकही रेघच ओढतं. इथे रेघ नव्हती. एक खड्डा होता, लहानसा, गोल. टोकदार, काचेहून कठीण काहीतरी एकाच जागी टेकवून, जोर देऊन गोल गोल फिरवल्यासारखा. म्हणजे चूक नव्हे. कोणीतरी शांतपणे, मन लावून केलेलं काम.

आणि खड्ड्यात काहीतरी काळं भरलेलं होतं. तिने सुईच्या टोकावर घेऊन बोटावर पुसलं. तेलकट. नाकाशी नेलं, आणि ती खुर्चीवर बसली.

खोबरेल तेलातली काजळी.

५

सिंहली नव्या वर्षाच्या सकाळी, नारळाच्या दुधातल्या किरिबत भाताच्या ताटातली केळी सोलायच्याही आधी, अम्मा गाडीत जाऊन बसायची. डाव्या आसनावर, तिच्या जागी. नखाने रबराचा ओठ उचलायची, पितळी डबीतलं काजळ बोटाने कोपऱ्यात टेकवायची आणि ओठ सोडून द्यायची. लहान बाळाच्या कपाळाला तीट लावावी तसं. "तात्ताला सांगू नको," इरोमीला म्हणायची. "वर्तमानपत्रात छापतील."

पियदासने स्पिरिटने पुसली ती घाण हीच. कौतुक ट्रेव्हर मेंडिसने केलं, त्याच संध्याकाळी कोणीतरी अम्माच्याच जागी पुन्हा टिंब लावलं होतं, पण या वेळी न पुसलं जाईल असं. कोण? पियदास दृष्ट मानतो, पण तो चारचौघांत मानतो. लपवून काही करण्याची त्याला गरज नाही. आणि त्याच्या शिवायच्या आरीचं लोखंड काचेवर नुसतं घसरेल. टिंब पाडायला कोरणी हवी, पोलादावर नावं कोरणारी, कठीण टोकाची.

चमच्यावरसुद्धा नाव कोरणारी.

घरी येऊन तिने अम्माचं कपाट उघडलं. डबी जागेवर होती. वरचं काजळ वाळून साय धरल्यासारखं झालं होतं, आणि सायीत एका बोटाची ताजी खोच होती. अम्माच्या बोटाहून बरीच रुंद.

मर्विन मागच्या अंगणात फणसाखाली बसले होते. तिने डबी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी नजर खाली वळवली.

"तुम्ही तर दृष्ट मानत नाही," ती म्हणाली.

"नाही मानत."

"मग?"

"ती मानायची." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मला सगळी वर्षं माहीत होतं. मी खिडकीतून बघायचो. ती खूश व्हायची, मला फसवलं म्हणून. आणि पियदासने एका फडक्याने... तो ट्रेव्हर बडबडत होता आणि मला सारखा तो कोपरा दिसत होता. रिकामा. वाटलं, कोरून टाकावं, म्हणजे पुन्हा कोणी पुसणार नाही."

"तुम्हाला कधी कळलं? काच कशामुळे गेली ते?"

"शंका सकाळीच आली. खात्री मैदानात झाली. तू ताण समजावून सांगत होतीस तेव्हा."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"काय सांगू? ज्या लोकांना वीस वर्षं अक्कल शिकवली, त्यांना सांगू, मी काजळाचं टिंब लावलं म्हणून?" त्यांचा आवाज फाटला. "आणि तू इतकं छान बोलत होतीस, इरोमी."

ते वाक्य तिला थपडेसारखं लागलं, कारण ते खरं होतं. ती छान बोलली होती. इतकं छान, की एक रबराची पट्टी सोलायची राहून गेली. तात्तांवर न रागावता ती म्हणाली, "चला, नानांकडे जायचंय."

६

फाझील नानांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते जुन्या काचांवरची धूळ पुसत होते. बापलेक दारात उभे राहिले. आत या, असं ते म्हणाले नाहीत.

इरोमीने सगळं सांगितलं: कड, खड्डा, काजळ. स्वतःचं आधी सांगितलं. मर्विन म्हणाले, "फाझील, माझं चुकलं. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"इथे आहे ना जागा," फाझील नाना म्हणाले. "इथे कोणीच नाही. म्हणून तर इथे सोपं जातंय." त्यांनी फडकं झटकलं. "माझी अब्रू मैदानात गेली, महत्तया. दुकानात कशी परत मिळेल?"

पुढचा मेळावा महिन्याने होता. ते दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी मैदानात इरोमी आधी उभी राहिली. या वेळी हातात ट्रे नव्हता, आणि हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. "फाझील नानांनी काच नीट बसवली होती. मी रबर सोलून न बघता बोलले. त्यांनी मला विचारलंही होतं. मी 'गरज नाही' म्हटलं." ती फाझील नानांकडे वळली. "त्यांच्या वयाबद्दलही मी बोलले. त्याची माफी वेगळी मागते."

"मग फोडली कोणी?" ट्रेव्हर मेंडिसने विचारलं.

ती बाजूला सरली. ते उत्तर तिचं नव्हतं. मग सालगादोंच्या गाडीचं डावं दार उघडलं आणि मर्विन बाहेर आले.

त्यांनी सांगितलं. कात्रणं वाचताना ज्या सुरात बोलायचे त्याच सुरात सुरुवात केली, पण काजळापर्यंत येता येता सूर राहिला नाही. कोणीतरी नाकातून हसलं. मग आणखी कोणी. पियदास मागून म्हणाला, "आणि मला म्हणे, लिंबं सरबतात घाल," आणि सगळं मैदान खळखळून हसलं. मर्विन त्या हसण्यात मान खाली घालून उभे राहिले, पावसात छत्री नसलेल्या माणसासारखे. हसले नाहीत ते फक्त फाझील नाना.

नवी काच कोलंबोहून आली. दोन थरांची, कारखान्याची जुनी खूण नसलेली; जाणकाराला लांबून कळावी अशी. ती बसवायला फाझील नानाच आले, कारण ट्रेव्हर मेंडिसने स्वतः जाऊन त्यांना बोलावलं होतं. त्यांनी रबराच्या खाचेत दोरी घातली, काच टेकवली आणि आत बसून दोरी ओढू लागले. ओठ उजवीकडून चढत चढत वरून फिरून खाली आला. डाव्या कोपऱ्यापाशी त्यांनी हात थांबवला.

"महत्तया, हा कोपरा राहिलाय."

"ओढ ना मग," मर्विन म्हणाले.

"डबी आणा." फाझील नाना वर न बघता म्हणाले. "आणि या खेपेला बोटाने लावा. बोटाला काच घाबरत नाही."

पियदासने तोंड फिरवलं आणि आसनावरची नसलेली धूळ पुसू लागला. मर्विन आत गेले, परत आले, अम्माच्या जागेवर बसले. त्यांनी बोट टेकवलं, टिंब जरा लांबट आलं. फाझील नानांनी दोरी ओढली. रबराचा ओठ त्याच्यावर मिटला.

इरोमी चहाचा ट्रे घेऊन आली. गुळाचा खडा वेगळ्या बशीत ठेवला होता, त्यांना लागतो तसा. फाझील नानांनी दोरी मनगटाभोवती गुंडाळली, बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी, पोरी," ते म्हणाले, आणि फाटकाकडे निघाले.

भरलेला कप तिने आत नेला, सांडू न देता.